शाळा काढली, दिवाळे काढले

आपला पत्ता सांगताना माणसाला थोडा अभिमान वाटावा, अशी रीत आहे. माझ्या नशिबी मात्र पत्ता सांगितला की समोरच्याचे हसणे आहे. ‘आपण राहता कुठे?’ असे कोणी विचारले आणि मी ‘दिवाळ्याला’ असे म्हटले, की सभ्य माणूस सहानुभूतीने गप्प बसतो आणि जवळचा स्नेही विचारतो, ‘दिवाळ्याला, की दिवाळ्यात?’ निवृत्त मास्तराच्या बाबतीत दोन्ही उत्तरे खरी असू शकतात, म्हणून मीही हसतो आणि विषय बदलतो.

वास्तविक दिवाळे हे नवी मुंबईत, बेलापूरच्या अंगाला, खाडीच्या काठी वसलेले कोळ्यांचे गाव. एका बाजूला काचेच्या इमारती, बँका, मोठमोठ्या कचेऱ्या. दुसऱ्या बाजूला खाडी, होड्या, वाळत घातलेली जाळी आणि मासळीचा बाजार. सकाळी फिरायला गेलो की मी हटकून धक्क्यापर्यंत जातो. जिताडा, बोय, निवट्या, चिंबोऱ्या यांच्या संगतीत माझा जो वेळ जातो तो पूर्वी वर्तमानपत्राच्या संगतीत जाई. पूर्वीपेक्षा आता माझी प्रकृती चांगली आहे.

पण गावाच्या नावाने मला एक कोडे घातले. मराठीत दिवाळे ‘निघते’, आणि हिंमतवान व्यापारी ते स्वतः ‘काढतो’. आता गंमत पाहा. फुल्यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा ‘काढली’. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली ‘दर्पण’ काढले. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्या मंडळींनी 1880 च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि पुढल्याच वर्षी ‘केसरी’ काढला. म्हणजे ज्या क्रियापदाने आपण एखादी गोष्ट जन्माला घालतो, त्याच क्रियापदाने तिच्यावर पडदाही पाडतो. शाळा काढायची, वर्तमानपत्र काढायचे, त्यासाठी कर्ज काढायचे, आणि ते फिटले नाही की दिवाळे काढायचे! मराठी संस्थांचा सगळा इतिहास एका ‘काढणे’त मावतो, असे एखाद्या टवाळाने म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

मी तीस वर्षे मुलांना इंग्रजी शिकवले. त्या काळात ज्या शब्दांनी मला सर्वांत जास्त घाम फोडला ते मोठे, जाडजूड शब्द नव्हेत. मोठे शब्द बिचारे सरळ असतात. एक अर्थ सांगितला की निमूटपणे वहीत जाऊन बसतात. छळतात ते लहान शब्द. त्यांतला एक म्हणजे ‘स्टार्ट’. पाचवीतल्या मुलालाही तो ठाऊक असतो, शर्यतीच्या मैदानावर तो ऐकू येतो, रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सर्वांच्या तोंडी असतो. आणि तरीसुद्धा, ‘याला मराठीत एकच शब्द सांगा’ असे कोणी म्हटले की मास्तर खडू खाली ठेवतो.

एकदा वर्गात मी एक उतारा भाषांतराला दिला होता. त्यात एक म्हातारा अंधारात बसलेला असतो, दार वाजते, आणि तो ‘स्टार्ट’ होतो. एका चुणचुणीत मुलाने लिहिले, ‘दार वाजताच म्हातारा सुरू झाला.’ सारा वर्ग हसला. मुलगा मात्र शांतपणे म्हणाला, ‘सर, आमचे आजोबा असेच सुरू होतात.’ त्यावर मला काही बोलता आले नाही. आजोबांच्या बाबतीत ते भाषांतर निर्दोष होते!

म्हातारा अर्थात दचकला होता. परंतु दचकणे आणि सुरू करणे या दोन टोकांच्या गोष्टी एकाच शब्दात कशा बसल्या, हे पाहू गेले तर मौज वाटते. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच मुळी उडी मारणे, झटक्याने उसळणे असा होता. आरंभ करणे हा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. म्हणजे दचकणारा म्हातारा हाच या शब्दाचा खरा वारस, आणि कारखाना सुरू करणारा उद्योगपती हा मागाहून आलेला दत्तक मुलगा. उलट आपला ‘आरंभ’ पाहा. संस्कृतात त्याच्या मुळाशी ‘रभ्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ पकडणे, हाती धरणे. इंग्रज माणूस काम सुरू करताना उडी मारतो, आपण आधी काहीतरी घट्ट धरतो. यावरून दोन संस्कृतींचे भेद सांगणारा एक मोठा लेख लिहिता येईल. पण अशा लेखांवरचा माझा विश्वास उडाल्याला बरीच वर्षे झाली.

‘सुरू’ हा शब्द तरी कुठे घरचा आहे? तो अरबी, फारशीच्या बोटाला धरून आपल्याकडे आला. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, कित्येक परके शब्द हद्दपार झाले. पण ‘सुरू’ जागचा हलला नाही. हलणार कसा? परके शब्द काढून टाकण्याचे काम ‘सुरू’ करायलाच तो हवा होता.

बरे, घरचे शब्द आपल्याकडे कमी नाहीत. लिहिणाऱ्याने श्रीगणेशा करावा. शिकणाऱ्याने ओनामा गिरवावा. ‘ॐ नमः सिद्धम्’ हे कित्येक पिढ्यांच्या बोबड्या तोंडात झिजून झिजून त्याचा ओनामा झाला. नाटकाला नांदी, लग्नाला मुहूर्तमेढ, इमारतीला पायाभरणी, दुकानदाराला सकाळची भवानी, लढाईला तोंड फुटणे. संसार मांडायचा किंवा थाटायचा. तो ‘सुरू’ केला असे म्हटले तर गिरणी चालू केल्यासारखे वाटते. गाव वसवायचे. बी पेरायचे. गलबत हाकारायचे. प्रत्येक कामाला आपला स्वतंत्र आरंभ, जसा प्रत्येक देवाला स्वतंत्र नैवेद्य.

मोल्सवर्थसाहेबांनी 1831 साली आपला मराठी-इंग्रजी कोश काढला – पाहा, पुन्हा काढला! – आणि पुढे कँडीसाहेबांनी इंग्रजी-मराठी कोश पुरा करून 1847 साली बाहेर आणला. मराठी शब्दाला इंग्रजी अर्थ देणे हे काम अवघड खरे. पण इंग्रजी शब्द डावीकडे ठेवून उजवीकडे मराठी उभे करणे हे त्याहून अवघड. कारण डावीकडे एकच माणूस उभा असतो आणि उजवीकडे सबंध वऱ्हाड येते. नंतरच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. त्यांनाही या वऱ्हाडाची व्यवस्था पाहावी लागलीच.

माझी खरी करमणूक होते ती मात्र या वऱ्हाडातल्या दुतोंडी पाहुण्यांनी. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. ‘निघाली’ म्हटले तरी चालेल, पण आपण सहज म्हणतो, ‘सुटली’. गाडी सुटली म्हणजे सुरू झाली. आणि शाळा सुटली? संपली! कचेरी सुटली की संपते, आणि ती सुटल्यावर आपण जी गाडी धरायला धावतो ती सुटली की सुरू होते. शिवाय आपण फलाटावर पोचण्याआधी सुटली, तर तोच शब्द उच्चारून आपण कपाळाला हात लावतो. शाळा सुरू होते तेव्हा ती ‘भरते’. दुकानाची घडी ‘बसली’ म्हणजे शुभवर्तमान, दुकान ‘बसले’ म्हणजे अशुभ. उपोषणाला माणूस बसतो तेव्हा उपोषण सुरू होते, आणि मागणी मान्य झाली की तो उठतो. एखाद्या परदेशी माणसाला हे सारे शिकवायचे म्हणजे त्याला वेड तरी लागेल किंवा मराठीची गोडी तरी. दोन्ही ठिकाणी शब्द ‘लागणे’च.

आणि इंग्रजीनेही आपल्याला हसू नये. 1995 साली संगणकाची जी नवी रचना आली, तिच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ असे बटण होते. संगणक बंद करायचा असला तरी आधी तेच बटण दाबावे लागे! माझा नातू मला ते शिकवीत होता तेव्हा मी त्याला म्हटले, ‘बाळ, ही मराठी पद्धत दिसते.’

येथवर हे सारे शब्दांचे खेळ झाले. निवृत्त माणसाला ते शोभतात. परंतु मागल्या वर्षी या शब्दाने मला खेळ सोडून गंभीरपणे बसायला लावले.

मासळीबाजारात एक मावशी बसतात. माझी आणि त्यांची ओळख चौदा-पंधरा वर्षांची. मी घासाघीस करीत नाही आणि त्या मला शिळे देत नाहीत, हा आमच्या स्नेहाचा पाया. एके दिवशी त्यांनी पदराखालून एक घडी घातलेला कागद काढला. ‘मास्तर, हा जरा बघता? दोनदा परत आलाय.’ बर्फाची मोठी पेटी घेण्यासाठी कुठल्याशा कचेरीकडून कर्ज मिळत होते, त्याचा तो अर्ज. सगळे रकाने व्यवस्थित भरलेले होते. एका रकान्याखाली मात्र लाल रेघ होती. छापील इंग्रजीत विचारले होते, की धंदा ‘स्टार्ट’ केल्याची तारीख कोणती? त्यापुढे आठ चौकोन. दिवसाचे दोन, महिन्याचे दोन, सालाचे चार. त्या चौकोनांवरून आडवे कोणीतरी लिहिले होते, ‘पिढीजात’. तेवढ्यावरून अर्ज परत आला होता.

मी म्हटले, ‘मावशी, तारीख लिहायला हवी. धंदा केव्हा सुरू केलात?’

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. ‘मी कुठं सुरू केलाय, मास्तर? तो मना सासूनं दिला. सासूला तिच्या सासूनं दिला. त्याच्या आधीचं मना काय म्हाईत?’

‘ते खरे. पण कागदाला तारीख लागते.’

‘मग सासूची तारीख लिहा.’

‘अर्ज तुमचा आहे ना?’

‘धंदा तिचा हाय,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात चिडचिड नव्हती. पण एक ठामपणा होता. ज्या जागेवर त्या बसत होत्या ती सासूची जागा. सासूची पाटी, सासूचा कोयता, सासूची गिऱ्हाइके. मी सुरू केला असे लिहिले तर कागदावरून ती म्हातारी पुसली जाणार होती. आणि लिहिले नाही तर पेटी मिळणार नव्हती. वैशाखातल्या उन्हात दुपारपर्यंत मासळी टिकवायची तर पेटी हवीच होती.

मी तो कागद घरी आणला. दोन रात्री माझ्या डोक्यात ते आठ चौकोन होते. इंग्रजी क्रियापद विचारीत होते, कोणी केले आणि केव्हा केले? त्याला कर्ता हवा होता आणि तारीख हवी होती. मावशींच्या मराठीत धंदा कोणी केलेलाच नव्हता, तो ‘चालत आलेला’ होता. चालत आलेल्या गोष्टीला वाट असते; तिला तारीख कुठली असणार? तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो होतो, की योग्य प्रतिशब्द सापडला की भाषांतराचे काम झाले. येथे प्रतिशब्द सापडून उपयोग नव्हता. मुळात प्रश्नच दुसऱ्या गावचा होता.

तिसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलून विचारला, ‘मावशी, तुम्ही मासळीला केव्हा लागलात?’

आता त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘लागले ना! वाशीला गाडी आली बघा, त्याच साली. थोरला पोटात होता. सासूचा पाय मुरगळला आणि नारळी पुनवेला म्हणाली, आज तू जा. मी रडत गेले आणि पैसे मोजत आले.’

वाशीला लोकल आली ती 1992 च्या मे महिन्यात. जुने पंचांग पाहिले. त्या साली नारळी पौर्णिमा 13 ऑगस्टला होती. आठही चौकोन भरले! खाली शेऱ्यासाठी एक ओळ मोकळी होती. मावशींच्या सांगण्यावरून मी तिथे लिहिले, ‘हा धंदा अर्जदाराने सुरू केलेला नसून सासूकडून चालत आलेला आहे. अर्जदार वरील तारखेस त्यात लागली.’ खिडकीवरचा कारकून म्हणाला, ‘एवढे लिहायची काही जरुरी नव्हती.’ मावशी म्हणाल्या, ‘तुम्हाला नसंल. राहू द्या.’

गणपतीच्या सुमारास पेटी आली. निळ्या रंगाची आहे, आणि तिच्यावर सासूचे नाव रंगवले आहे.

तेव्हापासून कोणी एखाद्या गोष्टीच्या आरंभाची तारीख छातीठोकपणे सांगितली, की मी जरा सावध होतो. आमच्याच नगराचे पाहा ना. 1965 च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडल्या शहराची कल्पना मांडली, आणि 1970 च्या मार्चमध्ये ते वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. पुस्तकांत नवी मुंबईचा आरंभ तेथून धरतात. पण जुन्या गावांतल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, आमच्या जमिनी गेल्या तेव्हापासून. कागदावर जो आरंभ होता तो त्याच्या भाताच्या खाचरात शेवट होता. त्या शेवटाची किंमत मागण्यासाठी जानेवारी 1984 मध्ये उरणच्या बाजूला जे आंदोलन झाले, त्यात 5 माणसांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती त्यानंतर. एकाच क्रियापदाची ही दोन तोंडे मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत.

बेलापूरहून पेंधरला जाणारी मेट्रो घ्या. तिचे भूमिपूजन 2011 साली झाले. त्या वर्षी जन्मलेले मूल सातवीत जाईपर्यंत आम्ही खांब पाहत होतो. शेवटी 17 नोव्हेंबर 2023 रोजी ती धावू लागली, आणि तीही समारंभाची वाट न पाहता. नारळ फुटला तेव्हा ती सुरू झाली, की पहिला प्रवासी चढला तेव्हा? इंजिनिअर एक सांगेल, मंत्री दुसरे, आणि तिकीट काढून उभा असलेला माणूस तिसरे.

कोळ्यांच्या दर्यालाही असेच दोन आरंभ आहेत. यांत्रिक होड्यांना 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते; सरकारच्या हिशेबी 1 ऑगस्टला मोसम खुला होतो. पण सागराला नारळ दिल्याखेरीज होडी लोटायची नाही, ही जुनी रीत. आणि नारळी पौर्णिमा काही सरकारी तारखेला बांधलेली नाही, काही साली ती ऑगस्टच्या अखेरीला येते. या दोन आरंभांच्या मध्ये पोटही असते. मग कोणी तारखेने जातो, कोणी तिथीने. दर्या दोघांनाही घेतो.

आपल्याकडे आरंभाचे एवढे कौतुक, आणि आरंभ करणाऱ्याची टिंगल करायलाही शब्द आपलाच, ‘आरंभशूर’! पहाटे उठण्याचा निश्चय, डायरी लिहिण्याचा निश्चय, भिंतीवरच्या घड्याळाला रोज किल्ली देण्याचा निश्चय – प्रत्येक घरात असे एक-दोन शूर असतात, आणि ते कोण हे सौभाग्यवतींना पाठ असते. पण मला या शूरांबद्दल मायाच वाटते. वर्षातून एकदाच नवे वर्ष येत असते तर त्यांचे काय झाले असते? आपल्या पूर्वजांनी त्यांची सोय करून ठेवली आहे. गुढीपाडव्याला हुकले तर अक्षय तृतीया आहे, ती हुकली तर दसरा आहे, आणि सगळेच हुकले तर दिवाळीचा पाडवा आहेच. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा कोणता याबद्दल जाणत्यांत मतभेद असले, तरी पुष्कळजण तो मान दिवाळीच्या पाडव्याला देतात. अर्धा मुहूर्त! मला ही कल्पना फार माणुसकीची वाटते. पुरे काही सुरू करण्याची ताकद उरली नसेल त्याने अर्धे करावे.

व्यापारी त्या दिवशी नवी वही घालतो आणि पहिल्या पानावर श्री काढतो. दिवाळे काढणाऱ्याबद्दल असे सांगतात, की पूर्वी तो दुकानात भरदिवसा दिवा लावून बसे. त्यावरून लोकांनी ओळखावे. म्हणजे वही उघडताना दिवा, आणि वही मिटतानाही दिवाच. दिवाळी आणि दिवाळे यांच्यात एका वेलांटीचे आणि एका मात्रेचेच अंतर आहे, हे भाषेने आपल्याला पूर्वीच सांगून ठेवले आहे. आमच्या गावात तर दोघे एकत्रच नांदतात. दिवाळीत येथे बहिरीदेवाचा उत्सव असतो. देव समुद्रातून गावात आणायचा, त्याची पूजा करायची आणि पुन्हा समुद्रात पोचवायचा. दरवर्षी तो नव्याने येतो. पण गावात विचारा, तो ‘नवा’ आहे असे कोणी म्हणणार नाही.

असो. मुलांना शिकवायला मी आता वर्गात उभा राहत नाही. पण नातू अधूनमधून विचारतो, ‘आजोबा, स्टार्टला मराठीत काय म्हणतात?’ मी त्याला म्हणतो, काय स्टार्ट करतो आहेस ते आधी सांग. शाळा असेल तर काढ. गाडी असेल तर सोड. घर असेल तर थाट. भांडण असेल तर उकरू नकोस. आणि यांतले काहीच नसेल, तर आपला सर्वांत साधा शब्द घे आणि कामाला लाग. त्या शब्दात फुशारकी नाही, आणि ‘पहिला मी’ असा दावाही नाही. आपल्या आधीही काम चालू होते आणि आपल्या मागेही ते चालू राहणार आहे, एवढी समजूत त्यात आहे. पाऊस लागतो, झाडाला फळ लागते, मुलीला नोकरी लागते, आणि संध्याकाळी गल्लीतून हाक येते, ‘अगं, दिवे लागले बघ!’ ते कोणी लावले आणि कितव्या मिनिटाला, हे त्या वेळी कोणी विचारीत नाही.